मोसमात उंची वाढलेला ड्रायव्हर

ऑक्टोबरमधील एका शनिवारी 15 वर्षांचा एक मुलगा आई-वडिलांबरोबर महाप्याच्या एमआयडीसीतील आमच्या जागेत आला, तेव्हा त्याच्याविषयीचे मत आधीच ठरून गेलेले होते. एफ-4 (फॉर्म्युला-4, एका आसनाच्या छोट्या रेसिंग गाड्यांची) शर्यतमालिकेच्या मोसमाच्या सुरुवातीला पुढच्या गाड्यांमध्ये असणारा हा मुलगा फेरीगणिक, म्हणजे मालिकेच्या प्रत्येक टप्प्यागणिक, मागे पडत होता. मधल्या एका शर्यतीत त्याची गाडी गरकन फिरून ट्रॅकबाहेर गेली होती आणि तेव्हापासून त्याने ब्रेकची धास्ती घेतली आहे, असे संघातील मोठ्यांनी वडिलांना सांगितले होते. वडील आवाज खाली आणून मला म्हणाले, “सर, याच्या मनातली भीती जाईल असं काहीतरी बघा.” मुलगा शेजारीच बसून हे ऐकत होता.

गाडीतील ब्रेक-स्टिअरिंगच्या नोंदी वाचणे आणि सिम्युलेटरवर, म्हणजे गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर, मुलांचा सराव घेणे हे माझे काम. ठाणे-नवी मुंबईच्या आसपास एफ-4 गाडी पळवता येईल असा ट्रॅक नाही. त्यामुळे येथील मुले चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेला जातात आणि मधल्या दिवसांत सिम्युलेटरवर बसतात. भारतात एफ-4 मालिका 2023 मध्ये सुरू झाली. या दर्जाच्या शर्यतीत उतरण्यासाठी 15 वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणजे दहावीच्या वयाची मुले या गाड्या चालवतात. ही बाब आम्ही सगळेच जाणतो, पण तिचा पूर्ण अर्थ मला त्या दुपारी कळला.

मी इरुंगट्टुकोट्टईच्या नोंदी उघडल्या. एफ-4 गाडीच्या ब्रेकला आपल्या रोजच्या मोटारीसारखी दाब वाढवून देणारी यंत्रणा नसते आणि चाक अडकू न देणारी एबीएसही नसते. जेवढा जोर पायाचा, तेवढाच ब्रेकचा. शिवाय पुढच्या-मागच्या पंखांमुळे गाडीला खाली दाबणारे हवेचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून सरळ पट्ट्याच्या शेवटी, वेग सर्वाधिक असतो त्या क्षणी, टायरची पकडही सर्वाधिक असते. चांगल्या ड्रायव्हरचा ब्रेकचा आलेख त्यामुळे एकदम उभा चढतो आणि वेग उतरेल तसा हळूहळू खाली येतो. या मुलाचा आलेख पहिल्या फेरीत अगदी असाच होता. नंतरच्या प्रत्येक फेरीत त्याचे शिखर थोडे बुटके झालेले होते आणि चढ आडवा होत गेला होता. एवढ्यावर भीतीचे निदान कोणालाही पटले असते.

मला मात्र ते पटेना, कारण ही घसरण गाडी फिरली त्याच्या आधीच्या फेरीपासून सुरू झालेली दिसत होती. भीती घटनेच्या आधी येत नाही. दुसरे असे की सिम्युलेटरच्या पेडलवर तोच मुलगा पूर्वीपेक्षा अधिक जोर लावत होता. त्याच्या सरावाची वही चाळताना एका रकान्यावर माझी नजर थांबली. आमच्या सिम्युलेटरची सीट रुळावर मागेपुढे सरकते आणि ती कोणत्या खाचेत होती, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवण्याची आमची पद्धत आहे. एप्रिलपासून तो मुलगा स्वतःहून, कोणाशी काही न बोलता, सीट एकेक खाच मागे घेत आला होता.

मी त्याला ट्रॅकपँट गुडघ्यांवर घ्यायला सांगितली. दोन्ही गुडघ्यांच्या वर काळेनिळे वण होते. “स्टिअरिंगच्या खाली लागतं, काका. सगळ्यांनाच लागत असेल असं वाटलं,” तो म्हणाला. आणि मग, बऱ्याच वेळाने, “सांगितलं असतं तर कारणं देतो म्हणाले असते.” त्याची आई तोवर गप्प होती, तीही म्हणाली, “जूनमध्ये घेतलेली शाळेची पँट गणपतीत आखूड झाली हो याला.”

खात्री करून घेण्यासाठी मी सीट एप्रिलच्या खाचेत पुढे आणली आणि त्याला इरुंगट्टुकोट्टईच्या काही लॅप मारायला लावल्या. पडद्यावर त्याच्या गाडीतील आलेखाची हुबेहूब नक्कल उमटली. पाय जवळजवळ सरळ असताना पेडलवर जो जोर लागतो, तो गुडघा फार दुमडलेला असताना लागत नाही. इथे तर गुडघा वर अडत असल्याने टाचही जागेवर टेकत नव्हती. वडील खुर्चीवरून उठले आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून पडद्याकडे पाहत राहिले. ज्या मुलाने दुखऱ्या गुडघ्यांनी अर्धा मोसम शर्यती पूर्ण केल्या, त्याला आपण मोठी माणसे भित्रा म्हणत होतो, याचा मला फार राग आला आणि तो मी त्यांच्यासमोर बोलूनही दाखवला.

पुढच्या फेरीआधी मी कोइंबतूरला गेलो. संघाने पेडल पुढे सरकवले आणि नवी सीट ओतली. कॉकपिटमध्ये प्लास्टिकची मोठी पिशवी ठेवून त्यावर ड्रायव्हर पूर्ण पोशाखात, हेल्मेट घालून, हात स्टिअरिंगवर ठेवून बसतो. पिशवीत दोन द्रावणे मिसळून ओतली की फेस फुगत त्याच्या पाठीला आणि मांड्यांना बिलगतो व कडक होतो. तोवर त्याने अजिबात हलायचे नसते. जुनी सीट शेजारी ठेवल्यावर दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता.

त्या फेरीत पहिल्याच सत्रात ब्रेकचा आलेख उभा चढला. शर्यतीत तो जिंकला नाही, पण पुढच्या गटाबरोबर शेवटपर्यंत राहिला. अखेरच्या लॅपमध्ये मात्र स्टिअरिंगचा आलेख थरथरू लागला. या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नसते, आणि उंची वाढली तरी दंड आणि खांद्यांत तेवढी ताकद अजून आलेली नाही. त्यामुळे दिवाळीनंतर वाशीच्या एका फिजिओथेरपिस्टकडे त्याचे खांद्यांचे आणि मानेचे व्यायाम सुरू झाले आहेत, आणि आमच्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे आता उंचीचा आणि पायाच्या लांबीचा रकाना आहे, जो दर फेरीआधी भरला जातो.