ताईचा पाळणा आणि आमची मोजपट्टी

ताईने तिच्या मुलांचा पाळणा आम्हाला द्यायचं ठरवलं तेव्हा मला पाचवा महिना होता आणि मी फोनवरच रडले. तीन आठवड्यांनी तोच पाळणा नको म्हणून सांगताना पुन्हा रडले. त्या वेळी ताईही रडली, आणि मग आठवडाभर तिने फोन उचलला नाही.

पाळणा म्हणतेय खरी, पण तो झोके घेणारा नव्हे. चार पाय, चारही बाजूंनी गजांचा कठडा, मध्ये गादी. दुकानात त्याला क्रिब म्हणतात, कुणी बेबी कॉट म्हणतं. ताईचा पाळणा गडद तपकिरी, जड, दिसायला अगदी भक्कम. दोन्ही भाचे त्यात वाढले, आणि थोरला आता चौदा वर्षांचा आहे. पाळण्याची खासियत म्हणजे एका बाजूचा कठडा खाली सरकायचा. "वाकावं लागत नाही गं, कंबर वाचते," ताईने सांगितलं होतं.

नवऱ्याने तो जोडला आणि सरकणारी बाजू खाली घेतली. उजवं टोक सरसर खाली आलं, डावं वरच अडकलं. कठडा तिरपा झाला आणि डाव्या बाजूला गादी आणि गज यांच्यामध्ये एक निमुळती फट तयार झाली. त्याने सहज म्हणून तिच्यात मूठ घालून पाहिली. मूठ गेली, मनगट गेलं, आणि हात काढताना जरा ओढावा लागला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग लक्षात आलं की एका कोपऱ्यात मूळ बोल्टऐवजी भावजींनी तार पिळून लावली होती.

त्या रात्री वाचायला बसले. कठडा सरकणाऱ्या पाळण्यांची विक्री अमेरिकेत जून २०११ पासून बंद आहे, जुना पाळणा दुसऱ्याला विकणंसुद्धा त्यात आलं. कारण नेमकं आम्ही पाहिलं तेच होतं: प्लास्टिकच्या खिट्ट्या झिजतात, बाजू एका टोकाला सुटते, आणि त्या फटीत बाळ सरकतं. कित्येक मुलं त्यात दगावल्यावर हा नियम आला.

ताईला हे सांगायचं कसं? मी फार घोळ घालून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझी मुलं मी मरणाच्या दारात झोपवली का?" याला काय उत्तर देणार. तेव्हा आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, हे खरं असूनही बोलताना ते सारवासारवीसारखं वाटत होतं.

असो. पाळणा सुटा करून माळ्यावर गेला आणि आम्ही दुकानं पालथी घालायला लागलो.

पहिली चूक माझी. मी "सेट" बघत होते. पाळणा, ड्रॉवरचं कपाट, डायपर बदलायचं टेबल, छोटं शेल्फ, सगळं एकाच फिक्या रंगात, वर जाळीदार पडदा, आत फुगीर गादीचं कुंपण आणि ढगाच्या आकाराची उशी. फोटो इतका देखणा की मी मनातल्या मनात तिथे बाळही ठेवून मोकळी झाले होते. नवरा मात्र खिशात टेप घेऊन फिरत होता. मला त्याची लाज वाटायची. विक्रेता लाकडाबद्दल भरभरून बोलत असायचा आणि हा गुडघ्यावर बसून गजांमधलं अंतर मोजायचा.

ते अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावं. त्याहून जास्त असलं तर बाळाचं अंग फटीतून निसटू शकतं आणि डोकं अडकतं. टेप नसेल तर कोल्ड्रिंकचा नेहमीचा कॅन घेऊन जा. त्याचा व्यास साधारण ६.६ सेंटिमीटर असतो, तो गजांमधून आरपार गेला तर पाळणा तिथेच ठेवून बाहेर पडा. एका दुकानात आम्ही हे खरंच केलं. कॅन अलगद पलीकडे गेला. विक्रेता म्हणाला, "म्हणूनच आतून बंपर लावायचा असतो ना."

बंपर म्हणजे तेच गादीचं कुंपण. मलाही वाटायचं की डोकं आपटू नये म्हणून ते हवंच. पण गजावर डोकं आपटून फार तर टेंगूळ येईल. मऊ कापसाला नाक चिकटलं तर काही महिन्यांच्या बाळाला मान वळवून घेता येईलच असं नाही. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून असे बंपर विकायला बंदी घातली. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं म्हणणं अगदी कोरडं आहे: सपाट, टणक गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर आणि बाळ, पाठीवर झोपवलेलं. बाकी काही नाही. उशी नाही, पांघरूण नाही, मऊ ससा नाही. पाठीवर झोपवण्याची मोहीम तिकडे १९९४ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एवढं वाचल्यावर ढगाच्या आकाराची उशी माझ्या मनातून उतरली. जराशी हळहळ राहिली, खोटं कशाला बोलू.

शेवटी घेतला तो पाळणा साधा, बीच लाकडाचा, चारही बाजू पक्क्या. कोपऱ्यांचे खांब कठड्याच्या पातळीतच संपणारे, कारण वर आलेल्या गोंड्यात अंगडं अडकून गळ्याला फास बसू शकतो. गादीचा तळ वर-खाली करता येणारा. हात फिरवून पाहिला, कुठे धस लागली नाही.

गादीने मात्र फसवलं. पाळणा एका ठिकाणचा आणि गादी दुसरीकडून मागवलेली, दोन्हींवर ७० बाय १४० लिहिलेलं. घरी आल्यावर पाळण्याची आतली लांबी भरली १४४. गादी एका टोकाला सरकवली की दुसऱ्या टोकाला माझी तीन बोटं आरामात. दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहता कामा नये. गादी परत केली आणि पाळणा बनवणाऱ्यांचीच घेतली. ती बसवताना कडेला बोट घालायला जरा जोर करावा लागला, तेव्हा कुठे जीव थंड झाला. गादी निवडताना मी तळहाताने जोरात दाबून हात उचलत होते. खड्डा तसाच राहिला तर ती गादी आपल्यासाठी छान आणि बाळासाठी वाईट. ही लगेच वर आली. पाहुणे येऊन बोटाने टोचून बघत आणि म्हणत, "काय गं ही फळी! बाळाला टोचेल." टोचली नाही.

जोडणी आम्ही सातव्या महिन्याच्या शेवटी काढली, बाळ यायच्या बऱ्याच आधी. मुद्दाम. नव्या फर्निचरला, विशेषतः एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा लगदा गोंदाने दाबून केलेल्या फळीच्या पाठीला, गोंद आणि पॉलिशचा वास असतो, आणि त्यात फॉर्मल्डिहाइड हा अपायकारक वायू असू शकतो. खिडक्या उघड्या ठेवून त्याला काही आठवडे उडून जाऊ द्यावं म्हणून.

रात्री साडेअकराला पाळणा उभा राहिला. मी पलंगावरून "वा वा" करत होते. नवऱ्याने घाम पुसला आणि म्हणाला, चल, आता आपल्या खोलीत नेऊ. कारण बाळाची खोली रंगवून तयार असली तरी पहिले सहा महिने तरी बाळाने आपल्याच खोलीत, पण स्वतःच्या पाळण्यात झोपावं, हे आम्ही ठरवलं होतं. पाळणा उचलला, दारापर्यंत नेला, आणि धप्प. आडवा केला, तिरपा केला. पाळण्याची बाहेरची रुंदी ७८, दार ७५. दुकानादुकानांत टेप काढणाऱ्या माणसाने घरातलं दार मोजलं नव्हतं! मी इतकी हसले की पोट धरून बसावं लागलं. तो हसला नाही.

पण ते दार अडवून उभं राहिलं हे बरंच झालं. पाळणा पुन्हा सुटा करताना कळलं की गादीच्या तळाला चार कोपऱ्यांत चार बोल्ट असायला हवे होते आणि आम्ही तीनच लावले होते. चौथा थर्माकोलच्या तुकड्याखाली पडलेला. वरून काहीच दिसत नव्हतं. हलवून पाहिलं तेव्हाही पाळणा डगमगला नव्हता. दुसऱ्यांदा जोडताना आम्ही वर्तमानपत्रावर बोल्ट मांडून ठेवले, प्रत्येक जातीचे वेगळे, आणि लावला की एकेकावर खूण केली. आधी सगळे हातानेच फिरवून बसवायचे, चौकट सरळ आहे बघायचं आणि मगच ॲलन कीने, म्हणजे त्या षट्कोनी वाकड्या किल्लीने आवळायचं, हेही तेव्हाच उमगलं. पहिल्यांदा आम्ही एकेक बोल्ट आवळत गेलो होतो, म्हणून शेवटची भोकं जुळेनात. तेव्हापासून दर महिन्याला एकदा सगळे बोल्ट तपासतो. एखादा सैल निघतोच.

डायपर बदलायचं वेगळं टेबल घेतलं नाही. ड्रॉवरच्या कपाटाची उंची कमरेइतकी होती, त्यावर कडा उंच असलेली, पट्टा असलेली गादी बसवली. पट्टा असला तरी एक हात बाळावर ठेवायचाच, आणि डायपर, पुसायचे कपडे सगळं हाताच्या अंतरावर. एवढं पुरतं.

त्या कपाटाने मात्र मला घाबरवलं. लंगोट, दुपटी, कपडे भरून झाल्यावर मी तिन्ही ड्रॉवर एकदम उघडे टाकून काहीतरी शोधत होते. वरच्या ड्रॉवरच्या कडेवर हात टेकवला, फार जोर न लावता, आणि कपाटाचे मागचे पाय जमिनीवरून उचलले गेले. हळूच, आवाज न करता. मी पोटाने अडवून ते मागे ढकललं. मूल चालायला लागलं की उघडे ड्रॉवर त्याच्यासाठी पायऱ्या असतात, हे वाचलं होतं. आता हातालाच कळलं. अमेरिकेत २०२३ पासून अशा कपाटांची, २७ किलोपर्यंतच्या मुलाचं वजन धरून, उलटण्याची चाचणी सक्तीची आहे. चाचणी झालेली असो वा नसो, कपाट भिंतीला बांधायचंच. आम्ही सुताराला बोलावलं, त्याने भोक पाडून गिट्टी ठोकली आणि पट्टीने कपाट भिंतीला जखडलं. शेल्फही त्याच दिवशी. पाळणा खिडकीपासून आणि पडद्याच्या दोऱ्यांपासून लांब, बेबी मॉनिटरची वायर मीटरभर दूर. ही कामं अर्ध्या तासाची होती.

आठव्या महिन्यात ताई न सांगता आली. गाडीच्या मागे एक खुर्ची बांधलेली. तिची दूध पाजायची, मागे-पुढे हलणारी. "हिला तरी काही होत नाही ना, बघ आधी तुझ्या कॅनने," म्हणाली. मी बसून पाहिली. हात ठेवायची जागा बरोबर कोपराच्या उंचीवर, पाठ उंच, पाय जमिनीला टेकतात. फक्त खालच्या दांड्यांमध्ये बोटं चिमटतील अशी जागा होती, म्हणून बाळ रांगायला लागल्यावर ती खोलीबाहेर न्यायची असं ठरलं. सगळ्या फर्निचरमध्ये रात्रंदिवस वापरली गेली ती ही खुर्ची. पहाटे तीनला तिच्यात बसून मी ताईला कितीदा मनातल्या मनात नमस्कार केला असेल.

आणि बाळाची खोली? ती सहा महिने इस्त्रीचे कपडे ठेवायच्या कामी आली.

मुलगी पाच महिन्यांची असताना एका सकाळी पाळण्यात हात आणि गुडघ्यांवर उभी होती, पुढे-मागे डुलत, स्वतःवरच खूश. नवरा चहा टाकून ॲलन की शोधायला धावला. बाळ बसायला किंवा असं उठायला लागायच्या आतच गादीचा तळ खाली घ्यायला हवा, आणि आम्ही एखादा दिवस उशीरच केला होता. तळ खाली गेल्यावर माझ्या कंबरेचा निकाल लागला. ताईचा सरकणारा कठडा का लोकप्रिय होता, ते तेव्हा नीट कळलं. मी एक पाय छोट्या स्टुलावर ठेवून वाकायला शिकले.

दात येताना तिने वरचा कठडा कुरतडला. एका जागी चार दातांची नक्षी आहे, ती आम्ही घासून काढलेली नाही.

उंची ८९ सेंटिमीटर झाली, किंवा त्याआधीच तिने कठड्यावर पाय टाकला, की पाळणा बंद करायचा. परवा दाराच्या चौकटीशी उभी करून मोजली, ८१ भरली. माझी एक मैत्रीण आत्ताच विचारून गेली आहे, पाळणा रिकामा झाला की मला देशील का म्हणून. जोडणीचा कागद आणि एक जादा बोल्ट मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गादीच्या तळाखाली चिकटवून ठेवलाय. दाराची रुंदी मोजून ये, असं तिला सांगितलंय.