उचलायला न परवडलेले विमान

2015 साली आलेल्या 'दिलवाले' चित्रपटातील 'गेरुआ' हे गाणे ज्यांनी पाहिले आहे, त्या सर्वांनी हे विमान पाहिलेले आहे. ते कोठले आणि तेथे कसे आले, याची चौकशी मात्र फार थोड्यांनी केली असेल. काळ्या वाळूच्या ओसाड मैदानात शेपूट नसलेला एक पांढुरका सांगाडा पडलेला दिसतो आणि त्यापाशी शाहरुख खान व काजोल गाताना दिसतात. आमच्या घरात तो कला दिग्दर्शकाने उभारलेला देखावाच समजला गेला होता. प्रत्यक्षात ते अमेरिकी नौदलाचे मालवाहू विमान असून 1973 च्या नोव्हेंबरमध्ये आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सोल्हेमासांदुर नावाच्या मैदानात, ते आणीबाणीच्या प्रसंगी उतरवण्यात आले आणि तेव्हापासून तेथेच आहे.

विमान डग्लस सी-117 डी जातीचे होते. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धापासून 'डकोटा' या नावाने परिचित असलेल्या विमानाचीच ही सुधारलेली, अधिक ताकदीच्या इंजिनांची आणि उंच शेपटीची आवृत्ती. अमेरिका आणि आइसलँड यांच्यातील 1951 च्या करारानुसार अमेरिकी सैन्याचा तळ आइसलँडमधील केफ्लाविक येथे होता आणि आग्नेय किनाऱ्यावरील होप्न गावाजवळच्या रडार केंद्राला लागणारे सामान तेथून विमानाने पोहोचवले जात असे. सामान पोहोचवून परत येताना हा प्रसंग घडला. अपघाताच्या कारणाविषयी दोन कथा सांगितल्या जातात. पहिली, पर्यटकांना अधिक आवडणारी, अशी की इंधन संपले असे वाटून वैमानिकाने विमान उतरवले आणि नंतर लक्षात आले की त्याने फक्त चुकीच्या टाकीची कळ फिरवली होती. दुसरी कथा बर्फाची आहे. पिस्टन इंजिनाच्या कार्बुरेटरमध्ये इंधनाची वाफ होताना हवा आणखी थंड होते, तिच्यातील बाष्प आतल्या आतच गोठते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. बाहेर पंखांवरही बर्फ चढत असेल, तर विमान हवेत टिकवणे कठीण होऊन बसते. नोव्हेंबर महिना, उत्तर अटलांटिकची ओली हवा आणि एका बाजूला हिमनद्या हे सारे लक्षात घेता मला दुसरी कथाच पटते. पहिलीत विनोद आहे, म्हणून ती टिकली असावी. विमानातील सर्वजण वाचले, याबाबत मात्र दोन्ही कथांचे एकमत आहे.

माणसे सुखरूप बाहेर पडल्यानंतर विमानाचे काय करायचे, हा प्रश्न उरतो आणि मला खरा रस त्यातच आहे. मोडलेल्या विमानाचे भवितव्य त्याला किती इजा झाली यावर ठरते, अशी आपली समजूत असते. पण ते कोठे उतरले यावरही ते तितकेच ठरते. एप्रिल 1994 मध्ये फेडएक्सच्या एका डीसी-10 मालवाहू विमानात, कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने हातोड्यांनी वैमानिकांवर हल्ला केला. जबर जखमी झालेल्या वैमानिकांनी ते विमान मेम्फिसला परत आणून उतरवले. मेम्फिस हे कंपनीचे घरच. हँगर, कारागीर, सुटे भाग, सगळे हाताशी. ते विमान दुरुस्त झाले आणि त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ माल वाहत राहिले. याउलट 22 नोव्हेंबर 2003 रोजी बगदादहून बहरीनकडे निघालेल्या डीएचएलच्या एअरबस ए-300 च्या डाव्या पंखावर क्षेपणास्त्र आदळले. विमान वळवणारे भाग हलवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्यावर तिघांच्या चमूने केवळ दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान परत बगदादला उतरवले, आणि विमानचालनाच्या इतिहासात ही कामगिरी फार वरच्या जागी आहे. विमान मात्र पुन्हा कामावर रुजू झाले नाही. युद्धभूमीवरच्या विमानतळावर, जळालेला पंख घेऊन उभ्या असलेल्या चोवीस वर्षे जुन्या विमानावर पैसा कोण घालणार?

सोल्हेमासांदुरचा हिशोब याहून सोपा होता. विमानाची जातच निवृत्तीच्या उंबरठ्यावर आली होती. जेथे ते पडले, तेथून मुख्य रस्ता सुमारे चार किलोमीटर दूर, आणि मधली जमीन कात्ला ज्वालामुखीच्या उद्रेकांत हिमनदीखालून सुटलेल्या महापुरांनी वाहून आणलेल्या रेतीची आणि गोट्यांची. अशा जमिनीवरून अवजड क्रेन आणि ट्रेलर न्यायचे म्हणजे आधी रस्ता बांधा, मग विमान उचला. नौदलाने उपयोगी पडतील ते भाग काढून घेतले आणि उरलेला सांगाडा सोडून दिला. त्या काळी ही जागा इतकी आडबाजूला होती की कोणाची तक्रार येण्याचाही प्रश्न नव्हता.

मी तेथे गेलो तेव्हा सर्वांत आधी जाणवली ती त्या वाटेची सपाटी. पिवळे खांब रोवलेली सरळ रेघ समुद्राकडे जाते आणि चालणाऱ्याला बराच वेळ विमान दिसतच नाही, कारण ते थोड्या खोलगट जागेत आहे. जवळ गेल्यावर पत्र्याकडे पाहावे. रिव्हेटांच्या रांगा अजून शिस्तीत आहेत, पण मधला ॲल्युमिनियमचा पत्रा कोठे फाटून बाहेर वळला आहे, कोठे बंदुकीच्या गोळ्यांनी त्याला भोके पडली आहेत, आणि हाताला येईल तेवढ्या उंचीपर्यंत जगभरच्या लिप्यांत नावे कोरलेली आहेत. आत फासळ्या उघड्या पडल्या आहेत, छतातून तारांचे तुकडे लोंबतात, कॉकपिटमध्ये एकही उपकरण नाही. एक देवनागरी नावही मला दिसले; ते येथे लिहून त्या गृहस्थाला प्रसिद्धी देण्याची माझी इच्छा नाही.

वाऱ्याने आणि खाऱ्या हवेने चाळीस वर्षांत जेवढे नुकसान केले असेल, त्याला नंतरच्या गर्दीने चांगलीच जोड दिली. छायाचित्रांमुळे आणि चित्रपटांमुळे जागा प्रसिद्ध झाली, तशी लोकांनी थेट विमानापर्यंत गाड्या न्यायला सुरुवात केली. आइसलँडमध्ये रस्ता सोडून गाडी चालवणे हा गुन्हा आहे, कारण तेथील विरळ शेवाळ आणि गवत एकदा चाकाखाली गेले की वर्षानुवर्षे परत येत नाही. अखेर 2016 मध्ये जमीनमालकांनी गाड्यांचा रस्ता बंद केला. तेव्हा पर्यटकांनी बरीच कुरकुर केली. मला तो निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो. आता हमरस्त्यालगत गाडी लावायची आणि पायी जायचे, किंवा तेथील बसने. पायी जाणाऱ्याने हवामानाचा अंदाज पाहिल्याशिवाय निघू नये. जानेवारी 2020 मध्ये या वाटेजवळ दोन तरुण चिनी पर्यटक थंडीने मृत्युमुखी पडले. अपघातात एकाचाही जीव न घेणाऱ्या विमानाच्या वाटेवर असे घडावे, ही गोष्ट मला तेथे चालताना सतत टोचत होती. वारा सुटला की त्या मैदानात आडोसा म्हणून काहीही नाही, सांगाड्याखेरीज.

सांगाडा जपावा की त्याला झिजू द्यावे, असा वाद अधूनमधून निघतो. त्याला संग्रहालयात नेणे मला रुचणार नाही, कारण या जातीची धडधाकट विमाने इतरत्र जतन केलेली आहेत आणि याचे मोल त्याच्या पडण्याच्या जागेत आहे. पण वर चढणाऱ्यांना थांबवायला हवे. पातळ पत्रा माणसांच्या वजनाने दबतो आणि त्या उंचीवरून पडलेल्या माणसाला रुग्णालयात पोहोचवायलाही बराच वेळ लागतो. आपल्या गाण्याने या बाबतीत काही चांगला धडा घालून दिला, असे म्हणता येत नाही.

या जातीचे आणखी एक अमेरिकी विमान 1969 मध्ये देशाच्या ईशान्य टोकाला थोर्सहॉफ्न येथे उतरताना मोडले होते. तेही असेच पडून राहिले; तिकडे पर्यटक फारसे जातच नाहीत. काही वर्षांपूर्वी दक्षिणेकडील एका शेतमालकाने तो सांगाडा शेकडो किलोमीटर वाहून आणवला आणि मुख्य रस्त्यावरून सहज जाता येईल अशा जागी, एइविंदारहोल्ट येथे, मांडून ठेवला.