अण्णांचा हात

काल थिएटरातून आल्यापासून कुणाशी बोलावंसं वाटत नाहीये. अण्णाही गप्प. सकाळी चहा झाला, पेपर झाला, ‘मानापमान’चं नाव नाही. हट्टानं मीच नेलं होतं त्यांना.

चित्रपट वाईट होता असं म्हणवत नाही. मेहनत दिसत होती. सुबोध भावे, शंकर-एहसान-लॉय, हीच मंडळी 2015च्या ‘कट्यार’ला होती आणि तो मी तीनदा पाहिला. मग कालच असं का व्हावं?

एक गाणं रंगात आलं, दाद द्यायला अण्णांचा हात वर गेला आणि तेवढ्यात प्रसंग बदलला. हात तसाच खाली आला. पुन्हा पुन्हा तेच डोळ्यांसमोर येतंय.

मूळ ‘मानापमान’ या संगीत नाटकात तिथं कुणी घाई करत नाही. नायिका भामिनी ‘नाही मी बोलत नाथा’ हे पद घेते आणि दर आवर्तनाला वेगळी रुसते. वन्स मोर आला की पुन्हा पहिल्यापासून. कथा खोळंबते, खोळंबू दे. गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याच्या चाली आणल्या त्या काय कथा पुढे ढकलायला? पडद्याला थांबता येत नाही. वन्स मोर दिला तरी ऐकणार कोण?

आई असती तर... जाऊ दे. ताई म्हणते, तुला नवं काही आवडतच नाही. खरं नाही ते. पण मला हवं ते कुठंच उरलं नाही, असं वाटून रात्री रडू आलं.

12 मार्च 1911, नाटकाचा पहिला प्रयोग. लेक गेली त्याच दिवशी बालगंधर्व भामिनी म्हणून उभे राहिले. अण्णांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की काल पडद्यावरच्या भामिनीत मी तेच शोधत होते. त्या मुलीनं ते कुठून आणावं?

आणि मी तरी बालगंधर्व कुठं ऐकले? तबकडीवरच. तीही तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. त्यांनाही तेवढ्यातच आवरतं घ्यावं लागलं असणार, आणि त्या आवरत्या घेतलेल्या गाण्यावरच मी जीव लावला. कालपासून हे सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी फोनवर ‘नाही मी बोलत’ लावलं. अण्णा बाहेर येऊन झोपाळ्यावर बसले. खरखरीतून तो आवाज आला, संपला.

“लाव गं पुन्हा,” म्हणाले.

लावलं.