लाईन गेली आणि अपडेट अर्ध्यावर

दारव्हा-दिग्रस रस्त्यावरच्या एका गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, सीईटीचे फॉर्म, जातीच्या दाखल्याचे अर्ज हे रोजचं काम. लॅपटॉप दुरुस्तीची पाटी मी लावलेली नाही, पण गावात दुसरं कोणी नाही म्हणून लोक घेऊन येतात. महिन्यातून एकदा तर ठरलेलंच. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजचं अपडेट सोडते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे आपल्यासाठी तो बुधवारच. आणि बुधवार आमच्या गावचा बाजाराचा दिवस. एका हातात भाजीची थैली, दुसऱ्या हातात लॅपटॉप. "ताई, अपडेटनं खाल्ला पाहा हा."

आमच्या भागात अपडेट अडकतं त्याचं कारण बहुतेक वेळा अपडेटमध्ये नसतंच, असं माझं मत आहे. त्याला सलग नेट लागतं, सलग लाईन लागते आणि सी ड्राइव्हमध्ये जागा लागते. यूट्यूबवरचा माणूस हे तिन्ही तुमच्याकडे आहे असं धरून चालतो आणि पहिल्याच मिनिटाला काळ्या खिडकीत कमांड टाकायला लावतो. मी कमांडपर्यंत शेवटी जाते. बरेच लॅपटॉप तिथवर पोचायच्या आधीच सुरळीत होतात.

सगळ्यात आधी मी तारीख पाहते. हसू नका. उन्हाळाभर कपाटात पडलेला लॅपटॉप कॉलेज सुरू झालं की बाहेर निघतो. आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो, बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये सीआर २०३२ नावाचा, आणि घड्याळ कितीतरी वर्षं मागे गेलेलं असतं. संगणकाची तारीख चुकीची असली की समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं. मग अपडेट होत नाही, कधीकधी बँकेची साइटही उघडत नाही. एररच्या कोडच्या शेवटी ८००७२एफ८एफ दिसलं की मी सरळ घड्याळाकडे बोट दाखवते. तारीख-वेळ नीट करायची, टाइम झोनमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली निवडायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. सेल बदलला नाही तर चार्जर काढल्यावर काही दिवसांनी हेच पुन्हा होणार, हेही सांगून ठेवते.

मग नेट. गावात बहुतेकांचं नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. त्यावर मीटर्ड कनेक्शनची, म्हणजे डेटा जपून वापरायची, खूण चालू असेल तर विंडोज बरीचशी अपडेटं उतरवतच नाही, वाट पाहत बसतं. ती खूण बंद केली तर महिन्याचं अपडेट दिवसाचा सगळा डेटा पिऊन टाकतं. यातून काढलेली वाट अशी की अपडेट दुकानात उतरवायचं. माझ्या दुकानातल्या लॅपटॉपांवर डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू आहे, म्हणजे एकानं उतरवलेलं दुसरा त्याच वायफायवरून घेतो, पुन्हा बाहेरून आणावं लागत नाही. ज्यांच्या लॅपटॉपचं वायफायच नादुरुस्त आहे त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून केबी नंबर, म्हणजे त्या अपडेटचा क्रमांक, शोधून फाइल पेनड्राइव्हवर देते. फाइल निवडताना तुमचं विंडोज ११ आहे की १०, त्यातली आवृत्ती कोणती, हे स्टार्टमध्ये winver (विनव्हर) टाइप करून आधी पाहा. नाहीतर जीबीभर उतरवून "हे तुमच्या संगणकाला लागू नाही" एवढंच वाचायला मिळतं.

जागेबद्दल फार सांगत नाही. कोड ८००७००७० म्हणजे जागा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली लग्नाची व्हिडिओ आणि एकाच पीडीएफच्या सतरा प्रती डाउनलोड्समध्ये असतातच. सेटिंग्जमध्ये स्टोरेज, तिथे टेम्पररी फाइल्स, आणि तिथून साफ. फक्त त्या यादीत डाउनलोड्स असं नाव दिसतं, त्यावर खूण करण्याआधी दहावीची मार्कशीट कुठे ठेवली आहे ते आठवा. आणि मोठं अपडेट नुकतंच झालं असेल तर विंडोज डॉट ओल्ड, म्हणजे जुन्या आवृत्तीचा फोल्डर, उडवू नका. दहा दिवसांच्या आत जुन्या आवृत्तीवर परत जायचं असेल तर ते त्यातूनच होतं.

आता लाईन. पावसाळ्यात वारं सुटलं की आमच्याकडे लाईन गेलीच समजा. त्यात गावातल्या निम्म्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या मेलेल्या. चार्जर काढला की पडदा काळा. अपडेट नुसतं उतरत असताना लाईन गेली तर काही बिघडत नाही, लाईन आल्यावर ते पुढे उतरतं. पण पडद्यावर टक्के दिसत असतात आणि "बंद करू नका" असं लिहिलेलं असतं, तेव्हा गेली तर पुढच्या वेळी चालू केल्यावर विंडोज एकतर राहिलेलं काम पूर्ण करतं, नाहीतर केलेले बदल मागे घेऊ लागतं. हे मागे घेणं जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर फार वेळ खातं. माणूस कंटाळतो आणि बटण दाबून धरतो. पहिल्यांदा लाईन गेल्यानं लॅपटॉप बहुतेक वेळा वाचतो, या दुसऱ्या वेळी मरतो.

शेजारच्या गावच्या एका काकाजींचा फोन आला होता.

"पोरी, सकायपासून फिरूनच रायलं हे. बटन दाबू का?"

"नका दाबू काकाजी. चार्जरच्या खाचेजवळ बारीक लाईट आहे ना, ते लुकलुकून रायलं का?"

"हो, मधामधात लुकलुकते."

"मंग राहू द्या तसंच. जेवून या, वावरात जाऊन या."

संध्याकाळी ते स्वतःच उठलं. हे डिस्कचं बारीक लाईट सगळ्या लॅपटॉपांना नसतं, नवीन मॉडेलांत तर नसतंच म्हणा. तिथे पंख्याचा आवाज ऐकायचा. काही तास गेले, आवाज नाही, हालचाल नाही, टक्का जागचा हलत नाही, तरच बटण दाबून बंद करायचं. त्यानंतरही चालू होत नसेल तर चालू होता होता बंद असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स असं जायचं आणि शेवटचं क्वालिटी अपडेट, म्हणजे महिन्याचं, काढायचं. फाइली जात नाहीत. फॉरमॅट मारून देतो म्हणणाऱ्या पोट्ट्याच्या हाती लॅपटॉप देण्याआधी एवढं करून पाहा.

बायोसचं, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचं, अपडेट मात्र वेगळं. तेही हल्ली विंडोज अपडेटमधूनच येतं. त्यात मधेच लाईन गेली तर मदरबोर्डच आडवा होऊ शकतो. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर मी ते इन्व्हर्टरशिवाय करत नाही, कोणी कितीही घाई करो.

एक कारण मात्र मला कोणत्याच व्हिडिओत सापडलं नाही, आणि ते आमच्याकडचंच आहे. दिवाळीनंतर घराघरात कापूस भरलेला असतो. पुढच्या खोलीत छतापर्यंत ढीग, आणि त्याच खोलीत पोरगी अभ्यासाला बसते. रुईचे बारीक तंतू लॅपटॉपच्या पंख्याच्या जाळीत जाऊन बसतात. एरवी कळत नाही, पण अपडेट म्हणजे प्रोसेसरला तासभर सलग राबवणं. लॅपटॉप तापतो, स्वतःला वाचवायला धाडकन बंद होतो, अपडेट मागे फिरतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एका मुलीचा लॅपटॉप असाच दर वेळी साधारण त्याच ठिकाणी बंद पडायचा. मागचं झाकण उघडलं तर जाळीवर रुईचा थर, बोटानं उचलता येईल असा. तो काढला, अपडेट पहिल्या झटक्यात झालं. मे महिन्यात टिनाच्या खोलीत पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की रुई नसतानाही हे होतं. तेव्हा पहाटे करा, आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका.

एवढं सगळं पाहून झालं तरी अडलंच, तर मग कमांड. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा. विंडोजच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड आहेत. आधी डीआयएसएमची (DISM) रिस्टोर हेल्थ, नंतर एसएफसी (sfc) स्कॅननाऊ, याच क्रमानं, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली घेते तो साठा डीआयएसएम दुरुस्त करते. डीआयएसएमला स्वतःला नेट लागतं, आणि ती ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ गप्प बसते. बसू द्या. तरीही नाही तर अपडेटच्या दोन सेवा, wuauserv आणि बिट्स (bits), थांबवून विंडोजमधल्या सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन फोल्डरचं नाव बदलायचं आणि संगणक पुन्हा चालू करायचा. विंडोज नवा फोल्डर तयार करतं, अर्धवट उतरलेलं फेकून नव्यानं घेतं. अपडेटची जुनी यादी रिकामी दिसेल, पण बसलेली अपडेटं बसलेलीच राहतात.

काही वेळा मात्र तुमच्याकडे सगळं ठीक असतं आणि तरी होत नाही. जानेवारी २०२४ मध्ये केबी ५०३४४४१ आलं तेव्हा विंडोज १० वाल्या कितीतरी जणांना ८००७०६४३ कोड दिसत होता. त्या अपडेटला रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या दुरुस्तीसाठी राखलेल्या भागात, २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि अनेक लॅपटॉपांत ते पार्टिशनच लहान होतं. उपाय होता पार्टिशन हातानं मोठं करण्याचा. ती भानगड मी कोणालाच करायला लावली नाही. ते अपडेट बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप (एन्क्रिप्शन), चुकवता येण्याच्या त्रुटीवरचं होतं, आणि माझ्याकडे आलेल्या त्या लॅपटॉपांवर बिटलॉकर नव्हतंच.

बिटलॉकरवरून गुरुजी आठवले. निवृत्त, गणित शिकवायचे. पुण्याच्या मुलानं त्यांना लॅपटॉप घेऊन दिलेला. बायोसच्या अपडेटनंतर निळा पडदा आला आणि त्यानं ४८ आकड्यांची की मागितली. गुरुजींना वाटलं कोणीतरी हॅक केलं. तसं नव्हतं. हल्ली बऱ्याच लॅपटॉपांत एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं, बायोस बदललं की त्याला संशय येतो आणि तो की मागतो. ती की ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर लॅपटॉप सुरू केला त्याच्या खात्यात असते. इथे खातं मुलाचं. त्यानं ऑफिसमधून लॉगिन करून की शोधली, पडद्यावरच्या की आयडीचे पहिले आठ अक्षर-आकडे जुळवून घेतले आणि फोनवर सांगू लागला. रेंज अशी की आवाज तुकड्या-तुकड्यांत. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. गुरुजी लग्नपत्रिकेच्या मागे लिहून घेत होते.

मी सहज म्हटलं, गुरुजी, यातल्या प्रत्येक गटाला ११ ने भाग जातो. झालं. त्यांनी मला की टाइप करूच दिली नाही. एक सोडून एक आकड्यांची बेरीज, दोन बेरजांतला फरक, शून्य किंवा अकराच्या पटीत आला का पाहायचा, सगळं तोंडी. पाचव्या गटाला अडले. "हा चुकला. परत सांग म्हणा त्याले." मुलगा वैतागला, पण पुन्हा वाचला तेव्हा फाइव्हच्या जागी नाइन निघाला. एकच आकडा चुकीचा ऐकला असेल तर ११ ची कसोटी तो पकडतेच, ही गणिताची गोष्ट गुरुजींनी दुकानात उभ्या असलेल्या सगळ्यांना समजावून सांगितली. झेरॉक्सची रांग तोवर खोळंबली होती. की पहिल्याच वेळी लागली.

आता सध्याचा प्रश्न, जुने लॅपटॉप. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमच्याकडचे कितीतरी लॅपटॉप त्यात बसत नाहीत. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये, खटपट करून ११ टाकून देणारे तालुक्याला आहेत. मी देत नाही, कारण अशा संगणकाला पुढची अपडेटं मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही, आणि ज्यावर बँक उघडायची त्यावर तो जुगार नको. त्यापेक्षा विंडोज १० ची आवृत्ती २२एच२ असेल तर अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटांसाठी नाव नोंदवा, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. आणि जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाका. दहा वर्षांचा लॅपटॉपही त्यानं सुधारतो, आणि अपडेट मागे घेणं तासांऐवजी मिनिटांवर येतं.

दुकानाच्या स्वतःच्या लॅपटॉपावर मी जुलैत, पीक विम्याची गर्दी सुरू व्हायच्या आधी, सगळी अपडेटं करून घेते आणि मग पॉज मारते. पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. अंगठ्याची मशीन चालू आहे, बाहेर चाळीस माणसं उभी आहेत आणि संगणक रीस्टार्ट मागतोय, हे मला परवडत नाही.

तर लॅपटॉप घेऊन येणार असाल तर चार्जर सोबत आणा, नुसता लॅपटॉप आणून "चार्जिंग हाय थोडी" म्हणू नका. पडद्यावर कोड आला असेल तर त्याचा फोटो काढून आणा. खातं मुलाच्या नावावर असेल तर त्याला आधी फोन करून ठेवा. आणि बुधवारी दुपारी दोनच्या आत येऊ नका, बाजार असतो.