दिवसभर उभं राहायचंय? मग बूट उभं राहूनच घ्या

बुटांच्या दुकानात बहुतेक जण बूट घालतात, आरशासमोर चार पावलं टाकतात आणि "ठीक वाटतोय" म्हणून बिल करतात. ज्याचं काम चालण्याचं आहे त्याला एवढं पुरतं. पण साडीच्या दुकानातला सेल्समन, मेडिकलच्या काउंटरमागची मुलगी, गेटवरचे वॉचमन, वॉर्डातल्या सिस्टर, सलूनमधले कारागीर यांना दिवसाचे आठ-दहा तास जवळपास एकाच जागी काढायचे असतात. पायासाठी ते चालण्यापेक्षा जास्त कष्टाचं आहे.

चालताना प्रत्येक पावलाला पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायात उतरलेलं रक्त वर ढकलतात. एका जागी उभं राहिलं की हा पंप जवळपास थांबतो. रक्त खाली साचतं, घोट्यापाशी सूज येते. संध्याकाळी मोजा काढल्यावर इलॅस्टिकचा खोल वळ दिसतो तो त्यामुळे. शिवाय चालताना शरीराचा भार टाचेवरून चवड्यावर सरकत राहतो. उभं राहताना मात्र तेच दोन-तीन भाग तासन्तास दबलेले राहतात.

म्हणून सगळ्यात मऊ बूट तो सगळ्यात चांगला, हा समज पहिल्यांदा सोडा. जाड मेमरी फोमचा बूट दुकानात पाच मिनिटं फार सुखाचा वाटतो. पण सतत वजन राहिलं की तो फोम पूर्ण दबतो, आणि दुपारपर्यंत तुम्ही खालच्या पातळ तळावर उभे असता. फार मऊ तळाची आणखी एक अडचण आहे. त्यावर तोल सांभाळण्यासाठी घोट्याभोवतीचे छोटे स्नायू सारखे काम करत राहतात. दिवसअखेर तळवा नाही, तर पोटऱ्या आणि कंबर बोलायला लागते. हवा तो घट्ट पाया आणि त्यावर मऊपणाचा एक थर. आत हात घालून टाचेच्या जागी अंगठ्याने जोरात दाबा. थोडं दबून अंगठा अडला पाहिजे. अडलाच नाही, तर तो बूट ठेवून द्या.

मग दोन्ही पायांत बूट घालून, लेस बांधून, गालिच्यावर नाही तर दुकानाच्या फरशीवर दहा मिनिटं नुसते उभे राहा. फोनवर बोला, बाकीचे बूट बघा, पण उभे राहा. चावणारा बूट बहुधा या दहा मिनिटांतच कळतो. विक्रेत्याचा संकोच बाळगू नका, तोही दिवसभर उभाच असतो.

खरेदीला जा ते संध्याकाळी, शक्य असेल तर ड्युटी संपवून. सकाळच्या पायाला नेमका बसणारा बूट संध्याकाळच्या सुजलेल्या पायाला आखूड होतो. ड्युटीचेच मोजे सोबत न्या. घरी एक काम आधी करून ठेवा: कागदावर उभं राहून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढा. पेन सरळ धरा, आत तिरकं जाऊ देऊ नका. बसून काढलेलं माप कमी येतं, कारण वजन पडल्यावर पाय लांबीला आणि रुंदीला पसरतो. दोन पायांत थोडा फरक असतोच, मोठा पाय धरा. अनेक जण कॉलेजच्या वयातला नंबर आयुष्यभर सांगत राहतात. वय, वजन आणि बाळंतपण यांनी पाय बदलतो, तेव्हा दर वेळी नव्यानं मोजा.

दुकानात बुटातला इनसोल (जुन्या मराठीत त्याला सुखतळा म्हणत, फार नेमका शब्द) बाहेर काढा आणि जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा हवी. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं शेजारचं बोट पुढे असतं. करंगळी किंवा चवड्याची कड इनसोलच्या बाहेर लोंबत असेल, तर तो बूट रुंदीला कमी आहे. इथे हमखास एक चूक होते: रुंदी कमी पडते म्हणून एक नंबर मोठा घेतला जातो. आपल्याकडच्या यूके मापात एक नंबर म्हणजे लांबीत सुमारे साडेआठ मिलिमीटर. तेवढी लांबी वाढली की बूट वाकायची जागा चवड्याच्या पुढे जाते, टाच मागून निसटते आणि बोटं बूट धरून ठेवायला आवळली जातात. पायाला होणारं कुरूप आणि आखडलेली बोटं बऱ्याचदा अशा बुटांतून येतात. मागायचा तो रुंद फिटिंगचा बूट. त्याच्या खोक्यावर बहुधा २ई किंवा ४ई असं लिहिलेलं असतं.

बूट हातात घेऊन तीन गोष्टी बघा. टाचेमागची कडा दोन बोटांनी दाबा, ती कोलमडू नये. टोक आणि टाच धरून वाकवा, वळण चवड्यापाशी यावं. मधोमध घडी पडत असेल तर कमानीला आधार नाही. शेवटी कपडा पिळतो तसा पिळून बघा, सहज पिळला गेला तर नको. टाच पुढच्या भागापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर उंच असली तर चालते. अगदी सपाट तळानं टाचदुखी असलेल्याचा त्रास वाढू शकतो आणि पाच सेंटिमीटरवर गेलं की बराचसा भार चवड्यावर येतो.

सोलबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसे इथेच वाया जातात. पीव्हीसी (प्लॅस्टिकचा प्रकार) स्वस्त, पण जड आणि कडक, आणि ओल्या फरशीवर बेभरवशाचं. ईव्हीए (फोमसारखा पदार्थ) हलकं आणि सुखाचं, पण रोजच्या वजनाखाली हळूहळू कायमचं दबतं. बाजूनं आडव्या सुरकुत्या दिसायला लागल्या की त्यातला जीव गेला. रबर जड, पण पकड उत्तम. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हा उभं राहण्यासाठी चांगला पदार्थ आहे, दबून परत वर येतो. मात्र त्याला दमटपणा मारतो. हवेतल्या पाण्यानं त्याचे रासायनिक बंध तुटतात आणि न वापरलेला बूटसुद्धा कपाटात राहून भुगा होतो. मुंबई-कोकणात "दोनदाच घातलेला बूट, सोल गळून पडला" ही तक्रार येते ती यामुळे. तेव्हा सेलमधला पीयू सोलचा बूट घेण्याआधी खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. तीन-चार वर्षांपूर्वीचा माल निम्म्या किमतीतही महागच. आणि चांगला बूट "जपून ठेवू" म्हणून कपाटात ठेवू नका, वापरा.

बाहेरच्या बाजूला रबर आणि आत पीयू किंवा घट्ट ईव्हीए, ही जोडी काउंटरच्या कामाला मला सगळ्यात योग्य वाटते. कोबा, शहाबादी फरशी आणि टाइल्स यांतली एकही जमीन स्वतः दबत नाही, जो काही लवचीकपणा मिळायचा तो बुटातूनच.

हॉटेलच्या किचनमध्ये आधी घसरण्याचा विचार. पुढून बंद, तेल न शोषणारा, बारीक खाचांच्या रबर सोलचा बूट घ्या. त्या खाचांत पीठ आणि तेल बसलं की चांगलं सोलही गुळगुळीत होतं, म्हणून रोज जुना टूथब्रश आणि साबणानं घासा. कारखान्यात सेफ्टी शू लागत असेल तर आयएसआय खूण आणि आयएस १५२९८ (सेफ्टी बुटांच्या भारतीय मानकाचा क्रमांक) बघा. त्याची बोटांवरची पोलादी टोपी कधीच सैल होत नाही, त्यामुळे "वापरून सैल होईल" हे तिथे लागू नाही. पहिल्या दिवशी बोटाला लागली तर वर्षभर लागेल.

मुलींच्या गणवेशात अनेक ठिकाणी काळ्या बेली असतात. पातळ सोल, वर काही पकड नाही. ती पायातून निघू नये म्हणून बोटं दिवसभर आवळलेली राहतात. रंग काळा ठेवून वरून पट्टी असलेला बूट चालेल का, हे सुपरवायझरला जरूर विचारा. नियम बऱ्याचदा रंगाचा असतो, आकाराचा नाही. साडीवर सँडल घालायची असेल तर मागे पट्टा आणि वेल्क्रो असलेली घ्या, म्हणजे दुपारनंतर सूज येईल तशी सैल करता येते.

लेस हेही एक साधन आहे. पायाचा वरचा उंचवटा दुखत असेल, तर तेवढ्या जागी लेसची फुली गाळून ती दोन्ही बाजूंनी सरळ वर न्या. टाच निसटत असेल, तर सगळ्यात वरच्या जादा भोकातून त्याच बाजूला छोटा फास करा आणि समोरची लेस त्यातून ओवून ओढा. नवा इनसोल घालताना जुना आधी काढा. एकावर एक घातले की टाच वर येते आणि बूट चावतो.

मधुमेह असेल, तर पायाला बधिरपणा असू शकतो आणि चावणारा बूट कळतच नाही. तिथे दहा मिनिटांची परीक्षा भरवशाची नाही. कागदावरच्या बाह्यरेषेवर विसंबा, बूट घालण्याआधी रोज आत हात फिरवा आणि रात्री तळवे आरशात बघा. अशांसाठी एमसीआर, म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला मिळतात, डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. आणि कुणालाही एकाच पोटरीला अचानक सूज, दुखणं आणि गरमपणा आला, तर तो बुटाचा दोष समजून थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

कितीही चांगला बूट घेतला तरी बसायला स्टूल लागतंच. १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या ४४ व्या कलमात उभ्यानं काम करणाऱ्यांना बसण्याची सोय द्यायला सांगितलं होतं. दुकानांतल्या कामगारांसाठी केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये तशी तरतूद केली. गिऱ्हाईक नसताना बसता येत नसेल, तर निदान काउंटरखाली १०-१५ सेंटिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा ठेवा आणि दर थोड्या वेळानं एकेक पाय त्यावर ठेवा. दर अर्ध्या तासानं पंधरा वेळा टाचा उचला, पोटरीचा पंप चालू होतो.

जमलं तर दोन जोड आलटून पालटून वापरा, घामानं भिजलेला बूट एका रात्रीत आतून सुकत नाही. पावसाळ्यात इनसोल बाहेर काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि तासाभरानं बदला. गॅसजवळ किंवा कडक उन्हात वाळवला तर डिंक सुटतो. महिन्यातून एकदा जोड टेबलावर ठेवून मागून बघा. टाच आत किंवा बाहेर कललेली दिसली, तर वरचं चामडं चकाकत असलं तरी तो बूट ड्युटीला नको, बाजारहाटाला ठेवा.