शेपटाखालची पिशवी

विटा, मंगळवार, रात्री साडेदहा

काल ७ मेली, आज ११. कोंबडीची पिल्लं २६ दिवसांची.

डॉक्टरांनी शेडच्या बाहेर घमेलं पालथं घालून त्यावरच एक पिल्लू उघडलं. मांडीच्या मांसात रक्ताचे ओरखडे. मग शेपटाकडून आतड्याचं शेवटचं टोक वर उचलून त्याला पाठीमागून चिकटलेली गोळी दाखवली. टपोऱ्या द्राक्षाएवढी सुजलेली, वर पिवळा बुळबुळीत थर. "ही बर्सा. गंबोरोच आहे, पिल्लांचा विषाणूचा रोग."

तात्या काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघितले. गंबोरोची लस मीच पाण्यातून दिली होती, १४व्या दिवशी. पिल्लं दोन तास तहानलेली ठेवली, ड्रिंकर घासले, सगळं केलं. पण टाकीत आदल्या दिवशी टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, तिनं लस मरते) पडलंय का, हे गड्याला विचारलंच नाही. क्लोरीनचा जोर मोडायला दूध पावडर आधी घालायची असते, मी लस घोळवल्यावर घातली. डॉक्टर म्हणाले, तेच कारण असेल असं नाही. आईकडून अंड्यातून आलेल्या प्रतिपिंडांनीही (रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांनी) लस वाया जाते. माझी समजूत घालत असावेत.

झोप येत नाही म्हणून त्या गोळीबद्दलच लिहिते. बीएस्सीला 'बी पेशी', म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी, किती वेळा लिहिलं असेल, पण हा 'बी' कुणाचा हे कधी डोक्यात आलं नाही. तो या बर्साचा. इटलीतल्या पादुआच्या फॅब्रिशियस या शरीरशास्त्रज्ञानं हिचं वर्णन केलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १६२१ साली छापलं गेलं, आणि त्याला वाटलं होतं की ही वीर्य साठवायची पिशवी. पुढं तीनशे वर्षं तिचं काम कुणाला नीट कळलं नाही. १९५० नंतर अमेरिकेत ओहायोला ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी पिल्लांच्या बर्सा काढून बघत बसला होता. हाती काही लागेना. चँग नावाच्या त्याच्या सोबत्याला वर्गात प्रतिपिंडं कशी बनतात ते दाखवायचं होतं, त्यानं ग्लिकच्याच कोंबड्या नेल्या. बर्सा काढलेल्या बहुतेकींत प्रतिपिंडं बनलीच नाहीत! यावर लिहिलेला लेख बड्या मासिकानं परत पाठवला. १९५६ साली तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये आला. कोंबड्यांच्या मासिकात. मला हे फार आवडतं.

बर्सा उगवते आतड्याच्याच टोकातून, पण तिच्यातल्या पेशी तिथल्या नाहीत. रक्ताच्या मूळ पेशी गर्भाच्या महाधमनीच्या आसपास जन्मतात आणि अंडं उबवणीत असताना, साधारण ८व्या ते १४व्या दिवसात, बर्सात येऊन उतरतात. निकोल ल दुआरँ या फ्रेंच बाईंनी लाव पक्ष्याच्या गर्भाचे तुकडे कोंबडीच्या गर्भात बसवून असली स्थलांतरं उघडकीला आणली. लावाच्या पेशीचं केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळं ओळखू येतं, म्हणजे कुठली पेशी कुठून आली ते लपत नाही. आमच्या तालुक्यातली पोरं गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, जातात तसंच हे. कुणाच्या तरी दुकानात राबून काम शिकायचं, मग लांब कुठंतरी स्वतःचं दुकान टाकायचं. बर्सा हे ते शिकायचं दुकान. पेशी तिथून निघून प्लीहेत, आतड्याच्या भिंतीत जाऊन बसतात. कोंबडी वयात आली की बर्सा आटून जाते.

माणसाला बर्सा नाही, हे काम आपल्यात अस्थिमज्जेत चालतं. उंदरांच्या आतड्यातल्या भक्षक पेशी (जंतू गिळणाऱ्या) कुठून येतात, त्याचं आणखी वेगळंच. जन्माच्या वेळी गर्भातल्या जुन्या पेशी असतात, पण पुढं आतड्यात बहुतेक ठिकाणी अस्थिमज्जेतून नव्या येऊन त्यांची जागा घेत राहतात. मेंदूत मात्र गर्भातल्याच पेशी आयुष्यभर टिकतात. आतड्यातही चेतापेशींजवळ थोड्या जुन्या तग धरून असतात म्हणे.

गंबोरोचा विषाणू नेमका बर्सात शिकणाऱ्या पेशीच मारतो. म्हणजे जी पिल्लं जगतील, त्यांनाही पुढच्या लशी नीट लागणार नाहीत. शुक्रवारी लासोटा, म्हणजे राणीखेत रोगाची लस, ठरलाय. "द्यायचा ना?" म्हणून डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, आत्ता थांबा, मर थांबू दे.

तात्यांनी संध्याकाळी खड्डा काढून चुना टाकला. जेवताना एवढंच म्हणाले, "टाकीचं पाणी आता मी बघतो."