ते काळं काय हाय?

आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या सोनोग्राफी सेंटरात पाय ठेवायला जागा नसते. त्यात दुपारी ती आली. पहिलटकरीण, विसावा आठवडा, सोबत सासू.

प्रोब (पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं यंत्र) बाळाच्या डोक्यावर नेला आणि माझा हात थांबला. कपाळाच्या दोन्ही बाजू आत दबलेल्या, म्हणजे डोकं लिंबाच्या आकाराचं. लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला. (आमच्या शाखेला खाण्यापलीकडे उपमा सुचत नाहीत.) आता मणक्यात काय दिसणार हे माहीत होतं, तरी हळूहळू खाली गेले. कमरेखाली मणके उघडे आणि वर पातळ पडद्याचा फुगा: स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटणं.

हा धोका कमी करणाऱ्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या तिला तिसऱ्या महिन्यात मिळाल्या होत्या. पाठीची नळी, जिचा पुढे मज्जारज्जू होतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा तर बाईला दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. किडनीचा कोंबही त्याच सुमारास, पाचव्या आठवड्यात फुटतो. म्हणून अशा बाळांत मी किडन्या मुद्दाम शोधते. एखादी नसते, कधी दोन्ही घोड्याच्या नालेसारख्या जोडलेल्या असतात. इथे दोन्ही जागच्या जागी होत्या, गर्भजलही पुरेसं होतं.

"मॅडम, ते काळं काय हाय?" तिने पडद्याकडे बोट दाखवलं.

"लघवीची पिशवी, ताई."

बघता बघता ते काळं वर्तुळ आक्रसलं. "केली की!" ती हसली. सासूही हसली.

एरवी मीही हसले असते. पण बारा वर्षांपूर्वी अशाच एका जोडप्याला मी सांगून बसले होते, "पाठीचं ऑपरेशन होईल, पण किडनी आणि लघवीची पिशवी उत्तम आहे, ती काळजी सोडा." रिपोर्टात 'नॉर्मल' लिहिलं होतं, त्यात चूक नव्हती. चूक 'काळजी सोडा'मध्ये होती. चार वर्षांनी ते मूल तापाने फणफणलेलं माझ्याच टेबलावर आलं. दोन्ही किडन्या फुगलेल्या, पिशवीची भिंत जाड, खडबडीत. "थेंब थेंब व्हायची, पण व्हायची ना!" आई म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होता चांगलं आहे." मला उत्तर सुचलं नाही.

पोटात असताना सगळं निभावतं. रक्त साफ करायचं काम वार (प्लासेंटा) करते, किडनीने गर्भजलात भर घातली की झालं. अशी बहुतेक बाळं चांगल्या किडन्या घेऊनच जन्मतात. पण पिशवीला हुकूम देणाऱ्या नसा मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या भागातून निघतात आणि तोच भाग इथे उघडा पडलेला असतो. पिशवी आवळते तेव्हा तोंड उघडत नाही, दाब साठतो, लघवी उलटी वर चढते. बिघडतं ते जन्मानंतर, गुपचूप.

यावर उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. नळी घालून दिवसातून चार-पाच वेळा पिशवी रिकामी करायची. नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली तरी चालते, हे अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये मांडलं. त्यामुळे हे काम घरी, आईच्या हाती आलं.

हे सगळं तिला सांगायला पाऊण तास लागला. बाहेर लोक कुरकुरत होते. पाय, डोक्यातलं पाणी, मोठ्या हॉस्पिटलातला सल्ला, गर्भ ठेवायचा की नाही याबद्दल कायदा काय म्हणतो, सगळं बोलले. सासू पदराने डोळे पुसत राहिली. ती मात्र एकाच ठिकाणी अडकली होती.

"ती नळी कोण घालनार? मी?"

"आधी तुम्ही. सहा-सात वर्षांचं झालं की बाळ स्वतः शिकतं."

ती गप्प बसली. मी जेल पुसायला कागद दिला, तो तिने हातातच धरून ठेवला.

"परत एकदा दाखवा की ते काळं."

मी प्रोब ठेवला. पिशवी पुन्हा भरत आली होती.